ड्युटी, डबा आणि 'दररोज': रोजच्या धावपळीत येशूच्या मागे कसं चालायचं

लूकच्या शुभवर्तमानातलं नवव्या अध्यायाचं तेविसावं वचन उघडा. येशू म्हणतो, ज्याला माझ्यामागे यायचंय त्यानं स्वतःला नाकारावं, दररोज आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे चालावं. हेच बोलणं मत्तयात आहे, मार्कातही आहे, पण 'दररोज' हा शब्द तिथं नाही, तो एकट्या लूकनं लिहून ठेवलाय. मी नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, संडे स्कूलला हे वचन पाठ म्हणून दाखवलं आणि बक्षीसही मिळवलं, तरी तो शब्द माझ्या डोळ्यात भरला तो पार तिशी उलटल्यावर, पुण्यात नाइट ड्युट्या करताना, कारण तोपर्यंत माझा विश्वास म्हणजे रविवारची साडी, रविवारची गायनं आणि सोमवारी सकाळी परत आपलं तेच.

मी नर्स आहे, सतरा वर्षं झाली. पाळकीण नाही, बायबल कॉलेजलाही गेलेली नाही. हे लिहितेय ते ज्यांना शिफ्ट आहे, लोकल पकडायची आहे, घरात लहान पोरं किंवा आजारी माणूस आहे आणि ज्यांना मनापासून वाटतं की आपण नावाचे ख्रिस्ती राहू नये, त्यांच्यासाठी. मार्क ३:१४ मध्ये येशूनं बारा जण निवडले तेव्हा पहिलं कारण दिलंय ते असं की त्यांनी आपल्याबरोबर राहावं, प्रचाराला पाठवणं वगैरे त्याच्यानंतर येतं. म्हणजे शिष्य तो जो बरोबर राहतो, आणि बरोबर राहायचं तर ते जिथं आपला दिवस जातो तिथंच राहावं लागणार ना, वॉर्डात, स्वयंपाकघरात, दुकानात, बसमध्ये. खाली जे सांगतेय ते सगळं मी स्वतः करून बघितलेलं आहे. सगळं एकदम सुरू करू नका, पहिल्या दोन पायऱ्या महिनाभर करा, मग पुढची घ्या.

पायरी १: घड्याळाची वेळ सोडा, जोडायची जागा शोधा

सगळे सांगतात पहाटे उठून प्रार्थना करा. ज्याला जमतं त्यानं जरूर करावी, मार्क १:३५ मध्ये येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात गेला. पण त्याच्या आधीची दोन-तीन वचनं पण वाचा, आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी माणसं आणून ठेवली होती, म्हणजे त्याचा तो दिवस आमच्या कॅज्युअल्टीतल्या दिवसासारखाच गेला होता, आणि पहाटे जरा कुठं निवांत बसला तर शिमोन शोधत हजर की सगळे तुम्हाला शोधताहेत. त्यालाही एकांत आयता मिळाला नाही, काढावा लागला.

माझी ड्युटी एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री. पाचचा अलार्म मी किती वेळा लावला असेल, पण नाइट असली की पाचला मी सलाइन बदलत असते आणि दुपारची असली की आदल्या रात्री घरी पोचून जेवेपर्यंतच अकरा वाजतात. शेवटी मी वेळेचा नाद सोडला आणि एका कामाला प्रार्थना जोडली: युनिफॉर्म घालणं. शिफ्ट कुठलीही असो, चेंजिंग रूममध्ये जावंच लागतं. मी दहा मिनिटं आधी पोचते, लॉकर उघडते, कपडे बदलते आणि बाकावर बसून प्रार्थना करते. बाजूला बाकीच्या सिस्टरांच्या गप्पा चालू असतात, चालू दे.

तुम्ही तुमची जागा बघा. कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत, पोराला स्कूलबसमध्ये बसवून परत येताना, दुकानाचं शटर वर करण्याआधी, डेअरीत दूध घालून येताना. अट एकच, ते काम रोजचं हवं आणि तेव्हा हात नाहीतर डोकं मोकळं हवं. पहिला महिना जागा बदलू नका.

काय बोलायचं सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका ओळीवर थांबा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ आली की मी आजचं काय लागणार आहे ते सांगते, कमरेला जोर लागणार आहे, बेड नंबर सातच्या काकूंशी बोलायला धीर लागणार आहे. आपल्या बायबलमध्ये तिथं भाकर हा शब्द आहे हे मला फार आवडतं, पिठाचे हात आणि तापलेला तवा डोळ्यासमोर येतो आणि आईची आठवण होते, ती भाकरी थापता थापताच आमच्या नावांनी प्रार्थना करायची, एका भाकरीला एक पोर. क्षमेच्या ओळीत आमच्या बायबलमध्ये 'ऋण' हा शब्द येतो, म्हणजे मी ज्यांचं देणं लागते ते आणि जे माझं देणं लागतात ते. तिथं थांबून नावं घ्यायची, आणि खरी नावं घ्यायची. दहा मिनिटं अशी सहज जातात.

पायरी २: थोडं वाचा, पण मार्कपासून

पुष्कळ जण एक जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करतात, निर्गम बऱ्यापैकी जातं, आणि लेवीयात होमार्पणं आली की पुस्तक बंद होतं ते पुढच्या एक जानेवारीपर्यंत. तुम्ही मार्कपासून करा. सोळा अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, मोठ्यानं वाचलं तरी दीड-दोन तासांत संपेल, पण आपल्याला ते संपवायचं नाहीये. एका दिवसाला एकच प्रसंग. दहा-पंधरा वचनं पुष्कळ झाली.

पद्धत अशी. एकदा मोठ्यानं वाचा, निदान ओठ तरी हलवा. मग एका साध्या वहीत तीन गोष्टी लिहा: येशूनं इथं काय केलं, लोक कसे वागले, आणि आज माझ्या दिवसात हे कुठं बसतं. तिसऱ्याचं उत्तर एका वाक्यात आणि आजच करता येईल असं लिहा. 'मी जास्त प्रेम करीन' असं नका लिहू, त्याचं संध्याकाळी काहीच मोजता येत नाही. 'आज लिफ्टवाल्या काकांना नावानं हाक मारीन' असं लिहा.

भाषांतर कुठलं घ्यायचं हे खूप जण विचारतात. जे घरात आहे आणि जे समजतं ते. मंडळीत बायबल सोसायटीचं वाचतात तेच घेतलं तर कानाला ओळखीचं राहतं, कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल असतं, तेही वाचायला फार सोपं आहे. भाषा जड वाटली तर कमीपणा मानू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं ते याच काळजीनं, की साध्या, कमी शिकलेल्या बाईला ते वाचून कळलं पाहिजे. छपाईचं कामही तिथल्याच बायकांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या त्या अगदी शेवटपर्यंत त्या कामाला बसून, आणि पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये. एवढ्या मोठ्या विदुषीनं सोप्या मराठीसाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, तेव्हा सोपं वाचायला लाजू नका.

डोळ्यांना त्रास असेल किंवा वाचायची सवयच नसेल तर मोबाइलवर ऐका, मराठी बायबल आवाजात फुकट मिळतं. फक्त नोटिफिकेशन बंद करून, नाहीतर मध्येच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी गुड मॉर्निंग टाकतं आणि आपण तिकडं जातो.

आणि एक स्तोत्र शेजारी ठेवा. नाइट ड्युटीवाल्यांना मी नेहमी १३४ वं सांगते, तीनच वचनांचं आहे आणि ते परमेश्वराच्या घरात रात्रीच्या वेळी उभं राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, की रात्रपाळीवाल्यांसाठी पण बायबलात एक जागा आहे.

पायरी ३: कामाच्या ठिकाणी एक खोटी जागा शोधा

हे सगळ्यात अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक धंद्यात, प्रत्येक नोकरीत एक जागा अशी असते जिथं सगळेच थोडं खोटं करतात आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. आमच्यात ती जागा म्हणजे चार्ट. ऑपरेशन झालेल्या पेशंटचं टेंपरेचर, पल्स, बीपी दर चार तासांनी घेऊन लिहायचं असतं. एका रात्री दोन इमर्जन्सी एकदम आल्या, आम्ही दोघीच होतो, आणि पहाटे चारची रीडिंगं राहिली. साडेपाचला मी टेबलावर बसले आणि भराभर चार्ट भरले. एका आजोबांच्या चार्टवर मी चार वाजताच्या रकान्यात १२६/८२ लिहिलं, आधीचं बघून साधारण जुळेल असं. त्यांच्या दंडाला मी कफ लावलाच नव्हता.

पेन ठेवलं आणि युनिफॉर्मच्या खिशातला कागद हाताला लागला. मी तेव्हा त्या दिवसाचं वाक्य चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायची, आणि त्या रात्रीचं होतं कलस्सैकरांस ३:२३, जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. तिथं पौल हे सांगतोय ते दासांना, आणि त्याच्या आधीच्याच वचनात म्हणतोय की मालकाचं लक्ष असतानाच तेवढं काम करू नका. साडेपाच वाजता माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीच नव्हतं. आजोबा झोपलेले.

मी उठले, बीपी घेतलं, नॉर्मल निघालं, मी लिहिलं होतं त्याच्या जवळपासच. मनात आलं की झालं, जुळलं ना, सोड आता. तरी मी त्या आकड्यावर एक रेघ मारली, चार वाजता रीडिंग घेतलं नाही असं लिहिलं, सही केली, वेळ टाकली, आणि बाकीच्या पाच चार्टांचंही तेच केलं. सकाळी इनचार्ज सिस्टरांना आपणहून सांगितलं. त्या चिडल्या, मला मेमो मिळाला, आणि बरोबरची सिस्टर महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, कारण माझ्यामुळे तिचेही चार्ट तपासले गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, तिला आधी विश्वासात घ्यायला पाहिजे होतं. पण त्या सकाळी घरी जाताना पीएमटीच्या खिडकीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की आज मी त्याच्या मागं दोन पावलं खरंच चालले.

तुमची जागा तुम्हाला माहीत असते, मी सांगायची गरज नाही. वजनकाटा, हजेरीपट, मेडिकल बिल, मीटर, न झालेल्या व्हिजिटचा रिपोर्ट. ती एकच जागा निवडा. देवाला तिचं नाव सांगा. मग आठवडाभर फक्त तिथं खरं वागा, बाकी सगळं सुधारायला जाऊ नका. आणि आधी खोटं करून कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्या, जकातदार जक्कयानं येशूला घरी घेतल्यावर जे फसवून घेतलं होतं त्याच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. ज्यामुळे दुसऱ्याची नोकरी किंवा नाव अडचणीत येणार असेल तिथं मात्र आधी त्या माणसाशी बोला, हे मी चूक करून शिकले.

पायरी ४: घरातलं भांडण रविवारच्या आत मिटवायला जा

मत्तय ५:२३-२४ सगळ्यांना पाठ आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. नीट वाचा हं, माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे ते नाही विचारलेलं, त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते विचारलंय.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं वाजलं. मी नर्स म्हणून सगळं मीच बघायचं असं त्यांनी धरून चाललेलं आणि मी तोंडावर म्हणाले की मी ड्युटीवर पण नर्स आणि घरी पण नर्स, मग तुम्ही कोण. तीन महिने बोलणं नाही. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तीनदा मी तो प्याला तसाच घेतला. चौथ्या महिन्यात शनिवारी रात्री मी फोन लावला. वाक्य आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण माझी जीभ मला माहीत आहे: "ताई, सलाम. मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं बोलले, मला क्षमा करा." 'पण' शब्द वापरायचा नाही असं ठरवलं होतं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "जेवलीस का?" बस. पुढं ऑपरेशनच्या विषयावर आम्ही कधी बोललोच नाही, पण नाताळच्या करंज्या तेव्हापासून एकत्र बसून करतो.

तर करायचं असं: शुक्रवारी-शनिवारी पाच मिनिटं बसून आठवा, या आठवड्यात कोण माझ्यामुळे दुखावलंय. एक नाव आलं तरी पुरे. दोन वाक्यांत क्षमा मागा, कारणं देऊ नका, समोरच्यानं लगेच गोड व्हावं अशी अपेक्षा ठेवू नका. समोरच्याची चूक असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्यानं एकट्याला जाऊन सांगा, फॅमिली ग्रुपवर नाही, महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणूनही नाही, तिथंच अर्धी भांडणं वाढतात.

आणि हे मी ठासून सांगते. घरात मारहाण होत असेल तर क्षमा कर, सहन कर, वधस्तंभ उचल असं त्या बाईला सांगणं पाप आहे. मी रात्री टाके घालायला आलेल्या बायका बघितल्यात. तिनं आधी सुरक्षित ठिकाणी जायचं, डॉक्टरला दाखवायचं, तक्रार करायची. क्षमा ही तिच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे आणि तिला वेळ लागला तरी चालेल, त्यासाठी तिनं त्या घरात परत जायची गरज नाही.

पायरी ५: पैशात कड सोडा

मघाशी लेवीयात होमार्पणांपाशी पुस्तक बंद होतं म्हटलं, पण त्याच लेवीयाचा एकोणिसावा अध्याय काढून वाचा, रोजच्या जगण्यावर इतका सरळ अध्याय मला दुसरा दिसला नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे वचन मूळ तिथलं आहे, अठरावं, आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे तर मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नकोस, वजन-मापं खरी ठेव, बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आणि पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू दे.

सरवा आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, बाजरीची कणसं खुडून झाली की मागं राहिलेली वेचायला बायका यायच्या. पगारालाही अशी कड ठेवता येते. मंडळीचा दशमांश वेगळा, तो ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावा, पण त्याशिवाय पगार झाला की एक छोटी रक्कम पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाका, कुणासाठी ते आधी ठरवू नका. महिन्यात माणूस समोर येतो. वॉर्डातल्या नातेवाइकाकडं गावी जायला एसटीचे पैसे नसतात, मावशींच्या पोराच्या वह्या राहिलेल्या असतात. आणि घरकामाच्या बाईचा पगार एक तारखेला, आपणहून, तिनं मागायच्या आत.

पायरी ६: मंडळी, पण डोळे उघडे ठेवून

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी दिल्यात, प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. तुमच्या मंडळीत या चार असतील तर बिल्डिंग, गायन, एसी, काही बघू नका. शिफ्टमुळे रविवार बुडत असेल तर आठवड्यातली गृहसभा धरा, तीही जमत नसेल तर दोन-तीन घरं मिळून बसा. ऑनलाइन उपासना आजाऱ्याला ठीक आहे, पण यूट्यूबवरचा उपदेशक तुम्ही ॲडमिट झालात की डबा घेऊन येणार नाही.

डोळे उघडे म्हणजे काय, तर बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौल आणि सीलाचं बोलणं ऐकून सुद्धा रोज शास्त्र उघडून तपासलं, कृत्ये सतरामध्ये आहे, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. कुणी म्हणालं इतके पैसे पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल, नाहीतर हा मेसेज दहा जणांना पाठवला नाही तर वाईट होईल, नाहीतर औषध बंद कर, विश्वास असेल तर बरा होशील, तर तिथून उठून या. हे मी नर्स म्हणून हात जोडून सांगते. शुगरची गोळी बंद केलेली माणसं आमच्याकडं कुठल्या अवस्थेत येतात ते मला माहीत आहे. पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना करा आणि गोळी घ्या.

घरातले बरोबर नसतील तर? नवरा येत नाही, सासू चिडते, किंवा घरात तुम्ही एकट्याच विश्वासात आलात. वाद घालू नका, ओढू पण नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं, त्या कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. पाच वर्षं. ती पाच वर्षं त्यांची होती, म्हणून तो विश्वासही त्यांचा स्वतःचा झाला. शेजाऱ्यांचं, सहकाऱ्यांचंही तसंच, कुणी विचारलं तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेनं, आदरानं सांगा, आणि विचारत नसतील तर त्यांच्या दिवाळीला जा, आपल्या नाताळला बोलवा.

पायरी ७: झोपायच्या आधी दिवस परत बघा

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या लोकांना ही सवय लावली होती, कॅथलिक मैत्रिणीकडून मी शिकले. पाच-सात मिनिटं लागतात. दिवा मालवायचा, दिवस सकाळपासून क्रमानं आठवायचा. कशाबद्दल आभार मानायचे, देव कुठं जवळ वाटला, मी कुठं चुकले, क्षमा, आणि उद्याची एक गोष्ट. आभार आधी, चुका नंतर, हा क्रम उलटा करू नका, नाहीतर रोज रात्री स्वतःला झोडपत झोपाल. वहीत सकाळी लिहिलेलं वाक्य झालं की नाही ते इथं बघा. नाही झालं तर उद्या परत तेच वाक्य.

पायरी ८: कोरडे दिवस

येतात. माझे एकदा आठ महिने होते, वॉर्डात एक लहान मुलगी गेली त्यानंतर. प्रार्थनेला बसायचे आणि शब्दच नाहीत. अशा वेळी जबरदस्तीनं स्तुतिगीतं म्हणू नका. स्तोत्र १३ वाचा, त्यात 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो, आणि ८८ वं वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. बायबलात ते ठेवलंय म्हणजे असं बोलायला परवानगी आहे. मी बाकावर बसून तेवढंच वाचायचे आणि वॉर्डात जायचे.

एलीया झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, मग दुसऱ्यांदा उठवून खायला दिलं. १ राजे १९. म्हणून आधी तपासा, झोप झालीय का, जेवण वेळेवर आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, थायरॉइड आहे का. दोन-तीन आठवडे सतत रडू येत असेल, जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा आणि घरच्या एकाला तरी सांगा, हा विश्वासाचा कमीपणा नाही.

आणि मधेच सगळं सुटलं, दोन महिने वही उघडलीच नाही, असं झालं तर राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. आजची तारीख टाका आणि आजचा प्रसंग वाचा. योहान २१ मध्ये पेत्र येशूला तीनदा नाकारून परत मासे धरायला गेला होता, येशू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून, त्यावर मासळी ठेवून बसला होता, आणि त्यांना पहिलं विचारलं काय तर खायला काही आहे का, मग जाळं टाकायला सांगितलं, आणि मग, या, न्याहारी करा. पेत्राशी जे बोलायचं होतं ते खाणं झाल्यावर.

पायरी ९: एका माणसाला बरोबर घ्या

सहा महिने वही चालली की हे करा, थांबू नका की मला अजून येत नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये आणि आईत, युनीकेमध्ये होता असं पौल लिहितो, म्हणजे घरातल्या दोन बायकांनी बरोबर घेतलं होतं त्याला. तुमच्याहून वयानं किंवा विश्वासानं लहान असं एक जण बघा. बाईनं बाईला, पुरुषानं पुरुषाला, हे बरं पडतं.

मी दर गुरुवारी आमच्याकडच्या एका ट्रेनी सिस्टरबरोबर कँटीनमध्ये बसते, ती विदर्भातली, हॉस्टेलला राहते, घरची आठवण काढून रडायची. पाऊण तास, एक चहा. पहिल्या दिवशी मार्कचा पहिला अध्याय काढला, एक प्रसंग तिनं वाचला, एक मी. मग चार प्रश्न: हा आठवडा कसा गेला, वचनातलं काय लागलं, कुठं चुकलो, पुढच्या गुरुवारपर्यंत काय करणार. ती बोलते तेव्हा मी गप्प बसते, हे मला शिकायला वेळ लागला. ती जे सांगते ते तिथंच राहतं. शेवटी एकमेकींसाठी दोन वाक्यांची प्रार्थना, डोळे उघडे ठेवून, कारण कँटीनवाला मध्येच कप उचलायला येतो आणि त्याला थँक यू म्हणायचं असतं. पहिल्या गुरुवारी तिनं चौथ्या प्रश्नाला उत्तर दिलं की बेड बाराच्या आजी सारख्या बेल वाजवतात, त्यांना एकदा तरी न बोलावता जाऊन विचारीन. पुढच्या गुरुवारी चहा यायच्या आतच ती सांगायला लागली.